पावसात लोडर लावलेला ट्रॅक्टर रस्त्यावर नेताना

शेतातून डांबरी रस्त्यावर चढण्यापूर्वी ट्रॅक्टर थांबवून दोन्ही ब्रेक-पेडल खिट्टीने एकत्र जोडावेत. शेतात वळण्यासाठी ते सुटे ठेवलेले असतात आणि ओल्या रस्त्यावर घाईत एकच पेडल दाबले गेले, तर ट्रॅक्टर त्याच बाजूला गर्रकन फिरतो.

लोडरची, म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढे बसवलेल्या उचल-यंत्राची, बकेट रिकामी असावी, मागे झुकवलेली असावी आणि जमिनीपासून साधारण एक-दीड फूट उंचीवर ठेवून लिव्हरला लॉक लावावे. ती उचलून चालवल्यास वळणावर तोल जातो, शिवाय पुढचा रस्ताही झाकला जातो. लोडरच्या वजनाने मागची चाके हलकी होतात, आणि बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक मागच्याच चाकांवर असल्यामुळे चिखलाने माखलेल्या टायरांनिशी ब्रेक दाबताच ती घसरतात. म्हणून मागे पुरेसे वजन जोडलेले असणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. टायरांच्या खाचांतला चिखल रस्त्याला लागण्याआधीच खरवडून काढावा, कारण तो रस्त्यावर पडला की मागून येणारा दुचाकीस्वार घसरतो.

घाटउतारावर खालचा गिअर उताराच्या आधीच टाकावा. उतरताना क्लच दाबून किंवा न्यूट्रल करून गाडी सोडू नये. हेडलाइट लोडरच्या दांड्यांआड जात नाहीत ना, हे पाहावे. मागचा कामाचा दिवा मात्र बंद ठेवावा, त्याने मागच्या चालकाचे डोळे दिपतात. मडगार्डवर कोणालाही बसवू नये. पुलावरून पाणी वाहत असेल, तर ते ओसरेपर्यंत अलीकडेच थांबावे.