‘ग्रेड वनच आहे’ म्हणून रिपोर्ट कपाटात ठेवू नका

सोनोग्राफी केली पोटदुखीसाठी, आणि रिपोर्टच्या तळाला आलं ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’. ‘अहो, हल्ली सगळ्यांनाच असतं’ असं कुणीतरी म्हणतं आणि फाइल कपाटात जाते. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ग्रेडवरून कळतं ते यकृतात चरबी साधारण किती दिसते एवढंच. यकृत किती निबर झालंय, म्हणजे फायब्रोसिस आहे का, हे त्यातून कळत नाही. रक्तातलं एसजीपीटी (यकृताचं एक एन्झाइम) नॉर्मल असूनही फायब्रोसिस असू शकतो. म्हणून डॉक्टरांना ‘फिब-४’ हा फायब्रोसिसचा अंदाज देणारा आकडा काढायला सांगा. वय, एसजीओटी (असंच दुसरं एन्झाइम), एसजीपीटी आणि प्लेटलेट एवढ्यावर तो निघतो. १.३ च्या खाली असेल तर धोका कमी, पासष्टीनंतर ही रेषा २ वर धरतात. जास्त आला तर पुढे फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृत किती निबर झालंय ते मोजणारी तपासणी. पस्तिशीच्या आत मात्र हे गणित नीट लागू पडत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत आपण ‘बाळसं आहे’ म्हणून सोडून देतो. मुलाच्या मानेमागे काळपट, मखमली पट्टा दिसला की आई तो मळ समजून आंघोळीला घासत बसते. तो घासून जात नाही, कारण बहुतेकदा तो इन्सुलिन नीट काम करत नसल्याची, म्हणजे फॅटी लिव्हरच्याही धोक्याची, खूण असतो. अशा मुलाला बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि डब्यासोबतचं पॅकबंद ज्यूस आधी बंद करा.

हिंजवडी-मगरपट्ट्यात दिवसभर बसून काम करणाऱ्यांची चूक वेगळी. ‘मी तर सडपातळ आहे’ म्हणतात आणि पोटाकडे बघत नाहीत. पँटचा नंबर सोडा, टेप घ्या. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८० च्या आत हवी. लग्नाआधी महिन्याभरात दहा किलो उतरवायचा हट्टही नको, झपाट्याने घटलेल्या वजनाने यकृताचा दाह वाढू शकतो. ८० किलोच्या माणसाने सहा-आठ महिन्यांत सहा ते आठ किलो कमी केले तरी यकृताला मोठा फरक पडतो.

पाळी जाण्याच्या सुमारास बायकांचं पोट सुटतं आणि धोकाही वाढतो. त्यात ‘मी आठवड्यातून दोन उपास करते’ हे समाधान. ताटात मात्र साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी आणि गोड ताक! साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्यापेक्षा त्या दिवशी भगर थोडी, दही आणि काकडी जास्त घ्या.

सकाळी बागेबाहेर काढे आणि रस विकणाऱ्यांभोवती गर्दी असते. गुळवेलीमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी भारतातच आहेत. फॅटी लिव्हर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज पिऊ नका.

माझ्या मामांनी सत्तरीत कोलेस्टेरॉलची गोळी स्वतःच बंद केली, ‘लिव्हरला बाधते’ म्हणून. फॅटी लिव्हरच्या रुग्णांना मोठा धोका हृदयविकाराचा असतो आणि साध्या फॅटी लिव्हरमध्ये ही गोळी सहसा सुरक्षित असते. डॉक्टरांनी ती पुन्हा सुरू केली. त्या वयात वजन उतरवण्यापेक्षा स्नायू टिकवणं महत्त्वाचं, म्हणून मामा आता पर्वतीच्या पायऱ्यांसोबत खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठतात आणि रात्री मुगाचं घट्ट वरण खातात.