बर्ड फ्लूवर काम करायचंय? आधी पहाटे उठायची सवय लावा

दर जूनमध्ये एखादा तरी मेसेज येतो: "मॅडम, बर्ड फ्लूच्या उत्क्रांतीवर काम करायचंय, सुरुवात कुठून करू?" मी मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. करून पुण्यात एका प्रकल्पावर लागले, तेव्हा मलाही वाटलं होतं की आता पांढरा सूट, काचेआडची लॅब वगैरे. हातात आलं काय, तर थर्माकोलचा डबा, बर्फाचे पॅक आणि पहाटे साडेचारला कोंबडीबाजारात हजर राहायचा हुकूम.

नमुना घेणं हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. एकाने पंख दाबून कोंबडी धरायची, दुसऱ्याने चोच उघडायची. जिभेच्या मागे एक फट श्वासाबरोबर उघडते-मिटते. ती उघडली की त्याच क्षणी स्वॅब आत. दुसरा स्वॅब गुदद्वारातून, आणि त्याला थोडी विष्ठा लागलीच पाहिजे. स्वच्छ स्वॅब म्हणजे फुकट गेलेला स्वॅब.

पहिल्याच दिवशी एका दुकानदाराने विचारलं, "कोंबडी तर ठणठणीत आहे, कशाला बोळे घालताय तिच्यात?" मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. पण या विषयाचा गाभाच त्या प्रश्नात आहे. नवापूरला २००६ मध्ये भारतातला पहिला उद्रेक झाला, तो एच५एन१ या बर्ड फ्लूच्या प्रकाराचा, शेडच्या शेड मारणारा. बाजारात आम्हाला शोधायचा असतो तो मात्र दुसरा, सौम्य प्रकार, एच९एन२. त्याने अंडी घटतात, पक्षी थोडे शिंकतात, बाकी धंदा चालू. कोणी मरत नाही म्हणून कोणी तक्रार करत नाही, आणि विषाणू निवांत बदलत राहतो.

दोघांमधला मोठा फरक एचए नावाच्या प्रथिनात आहे. ते कापलं गेल्याशिवाय विषाणूला पेशीत शिरता येत नाही. एच९एन२चं प्रथिन कापणारी एन्झाइमं मुख्यतः श्वासमार्गात आणि आतड्यात असतात. एच५ किंवा एच७ पाणपक्ष्यांतून कोंबड्यांत आले, की कधीकधी त्या कापायच्या जागी बेसिक (आम्लारिधर्मी) अमिनो आम्लं वाढतात. मग जवळजवळ सगळ्या अवयवांत सापडणारं फ्यूरिन नावाचं एन्झाइम ते काम करतं आणि दोन-तीन दिवसांत मरतूक लागते. शेतकरी आधी म्हणतो, मानमोडी (राणीखेत रोग) असेल. नुसतं बघून त्यालाच काय, आपल्यालाही सांगता येत नाही.

शिवाय विषाणूचा जीनोम ८ सुट्या तुकड्यांचा. दोन विषाणू एकाच पेशीत भेटले, की कागदावर २५६ जुळण्या शक्य. २०१३ मध्ये चीनमध्ये माणसांत आलेल्या एच७एन९चे ६ तुकडे कोंबड्यांतल्या एच९एन२कडूनच आले होते. त्या 'निरुपद्रवी' विषाणूसाठी पहाटे उठायचं ते यामुळे.

लॅबमध्ये नमुन्यातला विषाणू वाढवायला ९ ते ११ दिवसांची फलित अंडी वापरतात. दिव्यासमोर धरून शिरा टाळून नमुना टोचायचा, दोन-तीन दिवसांनी आतला द्रव काढून कोंबडीच्या रक्तपेशींत मिसळायचा. विषाणू नसेल तर तळाशी लाल बटण जमतं आणि प्लेट तिरपी केली की थेंबासारखं ओघळतं. असेल तर पेशी पसरून राहतात. ती प्लेट तिरपी करायची मजा मला अजून येते. घातक एच५एन१ मात्र असा साध्या लॅबमध्ये वाढवत नाहीत; संशयित उद्रेकाचे नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा संस्थेत जातात. नवख्यांना तिथे पोहोचायची फार घाई असते. उगाच.

आता माझी फजिती. विषाणूंचा वंशवृक्ष काढताना नमुन्याची तारीख लागते, कारण जितका काळ तितकी म्युटेशन्स असा हिशेब असतो. माझ्या तारीख आणि म्युटेशन्सच्या आलेखात काही नमुने रेषेच्या बरेच वर गेले. या गटात उत्क्रांतीचा वेग वाढलाय, असं समजून दोन आठवडे मी हवेत होते. गाइडनी एवढंच विचारलं, "मूळ फॉर्म आण बघू." फॉर्मवर होतं ०६/११, म्हणजे ६ नोव्हेंबर. संगणकाने ते ११ जून केलं होतं, म्हणून कमी काळात जास्त म्युटेशन्स झाल्यासारखी दिसत होती. बारापेक्षा मोठा दिवस असलेले नमुने तेवढे वाचले. तेव्हापासून महिना अक्षरांत लिहिते.

म्हणून पायथन शिका, थोडं संख्याशास्त्र शिका, पण फॉर्म भरायलाही शिका. पशुवैद्यकाची पदवी असेल तर उत्तम, नसेल तर अडत नाही. व्यापाऱ्याशी बोलता आलं नाही तर मात्र अडतं. आमच्या फॉर्मवर आधी फक्त 'गाव' असा रकाना होता. एकदा गाडीवाल्यालाच विचारलं, तर म्हणाला, "गाव कुठलं सांगू? तीन शेडचा माल आहे. आणि उरला तर संध्याकाळी याच जाळ्यांतून दुसऱ्या बाजाराला." जाळ्या धुता का, या प्रश्नावर तो नुसता हसला. आता फॉर्मवर गाडीचा रकाना आहे, आणि त्याच्या खाली उरलेल्या मालाचा.