तीन रांगांची हायब्रिड गाडी घेताय? आधी मागच्या सीटवर बसा

आमचं घर सात माणसांचं. सासू-सासरे, आम्ही दोघं आणि तीन मुलं. गाडी बहुतेक वेळा मीच चालवते, आणि नातेवाइकांपैकी कुणी मोठी गाडी घ्यायला निघालं की बघायला मलाच बरोबर नेतात. त्या सगळ्यांना मी एकच सांगते: हायब्रिड, म्हणजे इंजिनाच्या जोडीला बॅटरी आणि मोटर असलेली एसयूव्ही घेताना मायलेजचा आकडा सगळ्यात शेवटी बघा. पहिली बघायची ती तिसरी रांग. गाडी सात जणांसाठी घेतोय आणि मागे दोघं नीट बसूच शकत नसतील, तर लहान गाडी घेतलेली परवडली.

तिसरी रांग बघायची म्हणजे दार उघडून आत डोकावायचं नाही, मागे जाऊन दहा-पंधरा मिनिटं बसायचं. त्याआधी मधल्या सीटवर घरातलं सगळ्यात उंच माणूस बसवा आणि ती सीट त्याला सोयीची होईल तेवढी मागे घ्या. मधली सीट पुढे सरकवून मागची जागा ऐसपैस दाखवणारे विक्रेते मी पाहिलेत. मागे बसल्यावर मांड्यांकडे लक्ष द्या. पुष्कळ गाड्यांत तिथली फरशी उंच आणि सीट बुटकी असते, त्यामुळे गुडघे वर येतात, मांड्यांना टेकू मिळत नाही आणि सगळा भार कमरेवर येतो. पाच मिनिटांत हे कळत नाही, तासाभराच्या प्रवासात नक्की कळतं. माझी मोठी लेक पंधरा वर्षांची आणि माझ्याहून उंच आहे. तिचं डोकं छताला लागतं का, हेडरेस्ट तिच्या डोक्यापर्यंत वर येतो का, हे मी तिलाच बसवून बघते.

मग चढण्या-उतरण्याचं. धाकट्याची चाइल्ड सीट घरून घेऊनच जा आणि मधल्या रांगेत बसवा. ती बसवलेली असताना मागे जाता येतं का? काही गाड्यांत मधली सीट चाइल्ड सीटसकट पुढे कलते, काहींत चाइल्ड सीट काढल्याशिवाय वाटच होत नाही. मधे दोन स्वतंत्र कॅप्टन सीट असल्या की त्यांच्यामधून मागे जाता येतं, पण एक जागा कमी होते. आम्हाला सातही लागतात, म्हणून मधे तिघांचा बाक आणि मागे दोघं. चाइल्ड सीट अडकवायचे आयसोफिक्सचे हूक कुठल्या कुठल्या सीटला आहेत तेही हात घालून तपासा, तिसऱ्या रांगेत ते अनेकदा नसतात. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे पायरीची उंची आणि आत धरायला मूठ आहे का, हे त्या स्वतः चढून सांगतात.

धडकेच्या चाचणीत गाडीला मिळालेल्या सुरक्षेच्या ताऱ्यांवर सगळी भिस्त ठेवू नका. अमेरिकेतल्या आयआयएचएस या वाहन-सुरक्षा संस्थेने समोरच्या धडकेच्या चाचणीत चालकाच्या मागच्या सीटवर डमी बसवायला सुरुवात केली ती 2022 मध्ये, आणि तिसऱ्या रांगेत त्या चाचणीतही कुणी नसतं. म्हणून खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी कर्टन एअरबॅग मागच्या खिडकीपर्यंत पोचते का, हे माहितीपत्रकात शोधाच.

वजनाकडे तर कुणीच बघत नाही. चालकाच्या दाराच्या चौकटीवर टायरच्या हवेचं स्टिकर असतं. अनेक गाड्यांत त्यावरच माणसं आणि सामान मिळून किती किलो चालेल ते लिहिलेलं असतं. तिथे नसेल तर पुस्तिकेत सापडतं. आमची सात माणसं पावणेचारशे किलोच्या आसपास भरतात. त्यात बॅगा धरल्या की साडेचारशेच्या पुढे. बॅटरी जितकी मोठी तितकं गाडीचं स्वतःचं वजन जास्त, त्यामुळे चार्जर लावून भरायची मोठी बॅटरी असलेल्या प्लग-इन हायब्रिडमध्ये हा हिशेब आधी करा. टपावरच्या कॅरिअरमधलं सामानही यातच मोजायचं.

डिकी तिसरी रांग उभी ठेवूनच बघा. टोयोटाच्या हायलँडर आणि ग्रँड हायलँडर या दोन्ही हायब्रिडमध्ये मिळतात, नावंही जवळपास सारखी. पण तिसऱ्या रांगेमागे पहिलीत सुमारे 450 लिटर जागा आहे, दुसरीत सुमारे 580. त्यासाठी गाडी 16-17 सेंटिमीटर लांब होते, तेव्हा घरची पार्किंगची जागा आधी मोजून ठेवा. स्टेपनी आहे की नुसतं पंक्चर किट, हेही फरशी उचलून बघा.

आता हायब्रिडचं. मागे ‘हायब्रिड’ लिहिलंय म्हणून सगळ्या सारख्या नसतात. 48 व्होल्टच्या माइल्ड हायब्रिडमध्ये मोटर साधारणपणे इंजिनाला हातभार लावते, एकटी गाडी ओढत नाही. फुल हायब्रिडमध्ये मोटर थोडा वेळ एकटीही गाडी ओढते. किया सोरेंटोसारख्या फुल हायब्रिडमध्ये बॅटरी जेमतेम दीड किलोवॉट-अवरची (म्हणजे दीड युनिट विजेची), पण रहदारीत ती सतत भरते आणि वापरली जाते. चार्जर लावावा लागत नाही. माझदा सीएक्स-90 च्या प्लग-इनमध्ये ती 17.8 किलोवॉट-अवरची आहे. ती घरी रोज चार्ज करणार असाल तरच तिचा उपयोग. युरोपियन कमिशनने 2024 मध्ये रस्त्यावरच्या गाड्यांची आकडेवारी तपासली, तेव्हा प्लग-इन हायब्रिडचं प्रत्यक्ष कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघालं. मुख्य कारण एकच, लोक पुरेसं चार्ज करत नाहीत. आणि एकाच मॉडेलमध्येही फरक असतो: ग्रँड हायलँडरची 2.5 लिटरची साधी हायब्रिड अमेरिकी सरकारी चाचणीत लिटरमागे 15 किलोमीटरच्या आसपास देते, तर टर्बो इंजिनाची जोरकस हायब्रिड साडेअकराच्या आसपास.

तुमचं चालवणं बहुतेक हायवेवर असेल तर हायब्रिडचा फायदा कमी दिसेल. ब्रेक मारताना वाया जाणारी ऊर्जा परत मिळवणं हेच तिचं बळ, आणि मोकळ्या रस्त्यावर ब्रेक लागतोच किती?

टेस्ट ड्राइव्हला सगळं घर घेऊन जा. एसी सुरू ठेवून चढावर न्या आणि इंजिनाचा आवाज मागे बसलेल्यांना सहन होतो का ते विचारा. सिग्नलला इंजिन बंद झालं तरी गार हवा येत राहते का, तिसऱ्या रांगेला वेगळा ब्लोअर आहे का, हेही तेव्हाच कळतं. गाडी अगदी हळू करत थांबवताना ब्रेक गचका देतो का, ते चालवणाऱ्याने पाहावं.

शेवटी मधल्या सीटखाली वाकून बघा. बऱ्याच हायब्रिडमध्ये बॅटरीला थंड ठेवणारी हवा तिथल्या जाळीतून ओढली जाते. मुलांच्या बॅगा, रुमाल, खेळणी नेमकी तिथेच जातात. जाळी बुजली की बॅटरी तापते. जाळीमागे अनेकदा फिल्टर असतो, तो किती दिवसांनी साफ करायचा आणि बॅटरीच्या वॉरंटीत त्याबद्दल काही अट आहे का, हे सही करण्याआधी लेखी घ्या.