क्वार्टर प्लॅनिंगला बसायच्या आधी

जुलै-सप्टेंबरचं प्लॅनिंग डोक्यावर आलंय, तर नवी मुंबईत ऐरोली-महापेकडच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत ज्यांना तीन-चार टीम्सची कामं एका रांगेत लावायची असतात त्यांच्यासाठी हे. जुनी तिकिटं (कामांच्या नोंदी) बंद करा, रूम बुक करा वगैरे सांगत बसत नाही.

आधी एकच करा. आपलं जे जे काम दुसऱ्या टीमवर अडकतं, ते त्यांच्या यादीत कितव्या नंबरला आहे ते मीटिंगच्या आधी विचारा. ‘कराल ना?’ असं विचारू नका, त्याला सगळेच हो म्हणतात. नंबर विचारा. मागच्या क्वार्टरला माझं नेमकं हेच राहिलं. रिफंडची स्क्रीन आमच्याकडे पहिल्या नंबरला, पोरांनी वेळेत करूनही ठेवली, आणि तिला लागणारी एपीआय (स्क्रीनला मागच्या सिस्टीमशी जोडणारा कोड) प्लॅटफॉर्मवाल्यांच्या, म्हणजे ती मागची सिस्टीम सांभाळणाऱ्या टीमच्या, यादीत अकरावी! ते हो म्हणाले होते ते खरंच होतं, करणारच होते, फक्त दहा कामं झाल्यावर. डेमोला खोटा डेटा टाकून बटण दाबून दाखवलं, साहेबांनी विचारलं लाइव्ह कधी, सगळे एकमेकांकडे बघतायत.

मग स्कोअरिंग. कामांना गुण देऊन रांग लावायची राइस (RICE) पद्धत वापरत असाल तर रीच (किती लोकांपर्यंत पोचणार) गुणिले इम्पॅक्ट (प्रत्येकाला किती फरक पडणार) गुणिले कॉन्फिडन्स (आपल्या आकड्यांची किती खात्री), भागिले एफर्ट (किती माणसांचे किती महिने). कॉन्फिडन्सला 100, 80, 50 असे टक्के धरतात आणि जो तो आपल्या लाडक्या फीचरला 100 लावतो, तिथे पुरावा मागा, नसेल तर 50. पण खरी गोम एफर्टमध्ये आहे, कारण तिथे लोक फक्त आपल्याच टीमचे महिने लिहितात. रीच 2000, इम्पॅक्ट 1, कॉन्फिडन्स 80 टक्के, एफर्ट 2 महिने, स्कोअर आला 800. आता त्यात प्लॅटफॉर्मवाल्यांचे 2 महिने धरा, झाला 400, आणि काम रांगेत कुठच्या कुठे खाली गेलं. म्हणून परत तेच, त्यांना विचारल्याशिवाय हा आकडा भरूच नका.

आणि दोन टीम्सचे राइस स्कोअर शेजारी ठेवून तुलना करू नका, इम्पॅक्टला 2 गुण म्हणजे किती, हे प्रत्येक टीमचं वेगळं असतं. टीम्सच्या मध्ये भांडण लागलं की ‘महिनाभर उशीर झाला तर किती रुपये बुडतात’ हे विचारलेलं बरं, रुपया सगळ्यांचा सारखाच. सरकारी नियमाची तारीख किंवा दिवाळीचा सेल असलं काही असेल तर तिथेच निकाल लागतो.

मॉस्को (MoSCoW, म्हणजे कामं मस्ट, शुड, कुड, वोन्ट अशी वाटायची पद्धत) करत असाल तर मस्ट, म्हणजे झालीच पाहिजेत अशी कामं, एकूण एफर्टच्या 60 टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका, डीएसडीएम (DSDM) या प्रोजेक्ट चालवायच्या पद्धतीवाले तेच सांगतात. कोणी मस्ट म्हणालं की विचारा, हे नसेल तर रिलीज थांबवायचा का? निम्मे तिथेच गप्प होतात.

कपॅसिटी मोजताना गणपती विसरू नका बाबांनो. अर्धी टीम कोकणात जाणार, तिकिटं कधीच काढून झालेली असतात, आणि आपण ऑगस्ट-सप्टेंबर पूर्ण धरतो. शिवाय धो-धो पावसात ठाण्याहून येणारी ट्रान्स-हार्बर रखडली की तो दिवस गेला. प्रॉडक्शनचे बग येणारच, त्यांना जागा ठेवा.

बाकी पटापट. एका वेळी किती कामं उघडी ठेवायची त्याला लिमिट लावा. बरोबरी झाली तर कोण ठरवणार त्याचं नाव आधीच ठरवा, नाहीतर जो मोठ्याने बोलेल तो जिंकतो. काय करणार नाही ते पण लिहा. रांग बदलली की सगळ्यांना मेल.

आणि दुसऱ्या टीमच्या यादीतला आपला तो नंबर दर स्प्रिंटला (काही आठवड्यांच्या कामाच्या टप्प्याला) परत विचारा, मधेच त्यांचं काहीतरी अर्जंट निघतं आणि आपलं खाली सरकतं, कोणी कळवत नाही. फोनवर ‘हो हो, टॉपलाच आहे’ म्हणाले तर लगेच त्यांचा कामांच्या यादीचा बोर्ड उघडून बघा.