शेवट ठाऊक असलेली गाणी

नाझी राजवटीविरुद्ध पत्रके वाटणाऱ्या म्युनिकमधल्या ‘व्हाइट रोझ’ या विद्यार्थी गटावर दीड तासाची मराठी संगीतिका उभी करण्यात माझी दोन वर्षे गेली, आणि त्यांतले पहिले वर्ष जवळजवळ पूर्ण वाया गेले. हान्स आणि सोफी शोल, ख्रिस्तोफ प्रोब्स्ट, अलेक्झांडर श्मोरेल, विली ग्राफ, प्राध्यापक कुर्ट हूबर ही त्यातली माणसे, त्यांची सहा पत्रके आणि शेवटी गिलोटिन एवढे तुम्हाला ठाऊक आहे असे मी धरून चालतो. ठाऊक नसेल, तर चाली बांधायला घेऊ नका.

पहिल्या नाट्यवाचनाला आम्ही सातजण होतो. मे १९४२ मध्ये सोफी जीवशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकायला म्युनिकला येते, तो पहिला प्रवेश. स्टेशनावर उतरल्या उतरल्या मी तिच्या तोंडी एक संथ पद घातले होते आणि त्यात विझणारी पणती होती, न परतणारी वाट होती, काय नव्हते! सोफीची भूमिका करणाऱ्या मुलीने पद वाचले, संहिता मांडीवर ठेवली आणि विचारले, “दादा, नऊ महिन्यांनी काय होणार ते हिला आत्ताच कळलंय का?”

घरी येऊन मी सगळी पदे पुन्हा वाचली. चौदापैकी अकरा पदांना शेवट ठाऊक होता. आपण लेखक म्हणून २२ फेब्रुवारी १९४३ या तारखेकडून मागे पाहत असतो; त्या दिवशी सकाळी खटला सुरू होतो आणि संध्याकाळी पाच वाजता श्टाडेलहाइम तुरुंगात सोफीचा शिरच्छेद होतो. ते ओझे आपण नकळत पहिल्या मुखड्यातच ठेवतो. मग पात्र जगतच नाही, केवळ मरणाची वाट पाहते, आणि प्रेक्षकही विसाव्या मिनिटाला रडून मोकळा होतो. हा दोष चालीने झाकला जात नाही, उलट चाल जितकी गोड तितका तो उघडा पडतो.

प्रत्यक्षात त्या दिवसांत त्यांची मनःस्थिती काय होती ते पाहा. १३ जानेवारी १९४३ रोजी नाझी प्रांतप्रमुख गीस्लर याने विद्यार्थिनींना मुले जन्माला घालण्याचा उपदेश केला, आणि भर सभेत विद्यार्थी खवळून उठले. फेब्रुवारीच्या आरंभी स्टालिनग्राडमधल्या जर्मन पराभवाची घोषणा झाली. आता विद्यार्थी उठतील, राजवट डळमळेल, असे या मुलांना खरोखरच वाटत होते, म्हणून ती रात्री विद्यापीठाच्या परिसरातल्या भिंतींवर डांबराने ‘स्वातंत्र्य’ असे लिहीत होती. अटकेच्या आदल्या दिवशी, १७ फेब्रुवारीला, सोफी मैत्रिणीला पत्र लिहिते ते शूबर्टच्या ‘ट्राउट’ या पाच वाद्यांच्या रचनेविषयी. ग्रामोफोनवर ते ऐकताना आपणच ट्राउट मासा व्हावे असे तिला वाटते. हे पत्र वाचले तेव्हा मला माझ्या पणतीची लाज वाटली.

यावर मी शोधलेला उपाय कंटाळवाणा आहे, पण तो करा. प्रत्येक पदाच्या डोक्यावर तारीख लिहा, आणि त्या तारखेला त्या पात्राला काय माहीत आहे ते दोन ओळींत लिहा. पुढचे शब्द त्याबाहेर जात असतील तर पद काढून टाका. माझी अकरापैकी नऊ पदे गेली. जीवावर आले, पण त्यांतल्या एकाचीही आज आठवण येत नाही.

सोफीला सगळ्याची नायिका करण्याचा मोहही असाच आवरावा लागतो. १९४२ च्या उन्हाळ्यातली पहिली चार पत्रके हान्स आणि श्मोरेल यांनी लिहिली होती. शिवाय शोल भावंडे आधी हिटलरच्या युवक संघटनांत, वडिलांचा विरोध असूनही, उत्साहाने गेली होती. हा भाग गाळला तर बदललेली माणसे रंगमंचावर येतच नाहीत.

पत्रकांचा मजकूर तालात बसवू नका. मी तो केरव्यात बसवण्याचा प्रयत्न केला. शिलर आणि ॲरिस्टॉटल केरव्यात हास्यास्पद वाटतात. गाणे पत्रकात नव्हते, ते पत्रके छापण्यात होते. हाताने फिरवायचे सायक्लोस्टाइल यंत्र, संशय येऊ नये म्हणून वेगवेगळ्या ठिकाणांहून थोडी थोडी घेतलेली पाकिटे आणि तिकिटे, पत्रके घेऊन रात्रीच्या गाडीने दुसऱ्या शहरात जाणे, हे सगळे जात्यावरच्या ओवीसारखे कामाच्या लयीत आपोआप बसले. आमच्या प्रयोगात सर्वांत जास्त लक्षात राहिलेले पद तेच आहे.

एक ज्येष्ठ संगीतकार मला प्रत्येक प्रवेशानंतर “टाळी कुठे आहे?” असे विचारत. गायकाला श्वास कुठे घेऊ द्यावा हे मी त्यांच्याकडूनच शिकलो, परंतु टाळीबाबत त्यांचे ऐकले ही चूक झाली. गुरूकडून विद्या घ्यावी, घाई घेऊ नये. कीबोर्डवरचे तयार ट्रॅक तर घेऊच नका; जिवंत हार्मोनियम आणि एक व्हायोलिन पुरते. उडो त्सिमरमान यांनी १९८६ मध्ये हॅम्बुर्गमध्ये याच विषयावरचा चेंबर ऑपेरा केवळ दोन गायक आणि पंधरा वादकांवर पेलला, तेव्हा माणसे कमी आहेत म्हणून खचण्याचे कारण नाही. त्यांनी मृत्यूपूर्वीची शेवटची घटकाच निवडली आहे, त्यामुळे त्यांच्या पात्रांना शेवट ठाऊक असणे रास्त आहे. तुम्ही मे महिन्यापासून सुरुवात करणार असाल तर ती मोकळीक तुम्हाला नाही.

उरतो तो १८ फेब्रुवारीचा प्रवेश. विद्यापीठाच्या इमारतीतल्या आतल्या चौकात वरच्या मजल्यावरून पत्रके ढकलण्याच्या क्षणी मी बारा ओळींचे वीरपद लिहिले होते. चौकशीच्या नोंदींत सोफी त्या कृतीला स्वतःचा उतावळेपणा किंवा मूर्खपणा म्हणते, हे वाचल्यावर ते पद मी त्याच दिवशी काढले. आता तिथे संगीतच नाही. कागद आम्ही तालमीत आधी गठ्ठ्याने टाकले, तर ते विटेसारखे धप्पकन पडले. म्हणून आता प्रत्येक प्रयोगाआधी दोघेजण विंगेत बसून ऐंशी कागद एकेक सुटा करतात, आणि ते खाली पोहोचेपर्यंत भावंडांना पकडणाऱ्या विद्यापीठाच्या शिपायाचे पात्र जिन्याची पहिली पायरी चढलेले असते.