अँपमधली (अँप्लिफायरमधली) गुणगुण घालवायचीय? आधी ती येतीय कुठनं ते बघा

स्पीकरमधनं सारखं गुंऽऽऽ येतंय म्हणून लगेच दुकानात पळू नका. पॉवर कंडिशनर, महागडा स्पाईक गार्ड, जाडजूड केबली, हे सगळं नंतर, लागलंच तर. लाईटमधनं येणारा त्रास एकाच जातीचा नसतो आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही, त्यामुळं आधी अर्धा तास काढून नीट ऐका, तेवढ्यात निम्मं काम होतं.

व्हॉल्यूम शून्यावर करून अँप बंद करा, मागच्या सगळ्या आरसीए पिना (आवाजाच्या वायरींच्या लाल-पांढऱ्या पिना) काढा, म्हणजे टीव्ही, सेटटॉप, पीसी, ब्लूटूथची डबी सगळं सुटं, आणि मग अँप परत चालू करा. गुणगुण गेली तर अँप ठणठणीत आहे, त्रास बाहेरनं वायरीतनं आत येतोय. तशीच राहिली आणि व्हॉल्यूम वरखाली करूनही तेवढीच असेल तर अँपच्या पॉवर सप्लायमध्ये बघायचं. व्हॉल्यूमबरोबर वाढत असेल तर व्हॉल्यूमच्या आधीच्या भागात कुठंतरी घुसतीय, प्रीअँप (बारीक सिग्नल आधी मोठा करणारा भाग) किंवा इनपुटची वायर. आणि स्पीकरमधनं काहीच नाही पण अँपची पेटीच घुमतीय असं असेल तर तो ट्रान्स्फॉर्मरचा स्वतःचा आवाज, त्याचं शेवटी सांगतो.

आवाजाची जात पण ओळखा. आपली लाईट ५० हर्ट्झची. गोल, खोल गुंऽऽ बहुतेक ५० चा, तो अर्थिंगच्या लूपमधनं किंवा ट्रान्स्फॉर्मरजवळनं गेलेल्या वायरीतनं येतो. जरा खरखरीत घर्रर्र असेल तर १०० हर्ट्झचा, रेक्टिफायरनंतरचे (एसीचं डीसी करणाऱ्या भागानंतरचे) कंडेन्सर दमलेत किंवा जवळपास कुठला तरी फॅनचा रेग्युलेटर लाईटची वेव्ह चिरतोय. बारीक चरचर, सुंई आवाज म्हणजे एलईडी बल्ब, चार्जर असल्यांच्या आतल्या स्विचिंगचा. आणि मधनंच टक्क झालं तर फ्रिज नाहीतर मोटर चालू-बंद झालेली.

आता सगळ्यात जास्त घरांत सापडणारी गोष्ट. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत एका मित्राच्या घरी जुनं वायरिंग, अँप चांगला, स्पीकर चांगले, पण टीव्हीचा आवाज अँपला जोडला की घरभर गुंऽऽ. सेटटॉपची केबल, ती जाड काळी कोॲक्स, तिचा स्क्रू हातानं सोडवला आणि आवाज जागच्या जागी बंद! परत टेकवली की परत चालू. ह्याला ग्राउंड लूप म्हणतात. केबलची बाहेरची जाळी बाहेर कुठंतरी अर्थ झालेली असते, तुमचा अँप घरातल्या अर्थला, ह्या दोन अर्थमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक असतोच आणि त्या फरकामुळं आरसीएच्या जाळीतनं करंट वाहायला लागतो, तोच तुम्ही ऐकताय. इथं कितीही भारी फिल्टर लावा, काडीचा फरक पडत नाही, कारण फिल्टर चालतो वरच्या फ्रिक्वेन्सीवर आणि ही भानगड ५० हर्ट्झची. टीव्हीला ऑप्टिकल आउट असेल आणि अँपला ऑप्टिकल इन असेल तर ती वायर वापरा, काच-प्लास्टिकमधनं करंट जात नाही, विषय संपला. अँपला ऑप्टिकल नसेल तर एक छोटा डॅक (डिजिटल सिग्नलचा साधा ऑडिओ करणारी डबी) मध्ये घाला. नाहीतर आरसीएच्या मधे बसणारा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्स्फॉर्मर घ्या, त्यातनं आवाज पुढं जातो पण दोन्हीकडच्या जाळ्या एकमेकींना जोडल्या जात नाहीत; एकदम स्वस्तातल्यानं बेस थोडा पातळ होतो म्हणून जरा बरा घ्या.

पीसी-लॅपटॉपचं पण असंच. दोन पिनच्या चार्जरवरच्या लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात ना, मल्टिमीटर लावला तर शंभर-एक व्होल्ट दाखवतो, करंट अगदी किरकोळ असतो पण अँपला तेवढा पुरतो. चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, गप्प झाला तर कळलंच.

आणि हात जोडून सांगतो, अँपची अर्थची पिन तोडू नका, टेप लावू नका, तीन पिनचं दोन पिन करू नका. गुणगुण जाते हे खरं आहे. पण उद्या ट्रान्स्फॉर्मरचं इन्सुलेशन गेलं तर पूर्ण २३० व्होल्ट पत्र्याच्या बॉडीवर येतात, आणि घरातलं पोरगं व्हॉल्यूम फिरवायला हात लावतं. लूप सिग्नलच्या वायरीत तोडायचा, अर्थमध्ये कधीच नाही.

उलट सगळा सेट एकाच सॉकेटवर आणा. टीव्ही ह्या भिंतीवर, अँप त्या भिंतीवर, पीसी बेडरूममधल्या बोर्डावर असं असलं की प्रत्येकाचा अर्थ वेगळ्या वाटेनं फिरून येतो. एक चांगला १६ अँपिअरचा पॉइंट, त्यावर एक धड एक्स्टेंशन बोर्ड, सगळं त्यावर. ह्याला फार खर्च नाही आणि लई घरांत एवढ्यानंच भागतं.

अर्थिंग तपासायची तर मीटरनं न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज बघा. एक-दोन व्होल्ट असलं तर उत्तम. इस्त्री किंवा गिझर चालू केल्यावर ते उडी मारून बरंच वर गेलं तर न्यूट्रल कुठंतरी ढिला आहे किंवा अर्थिंग मेलंय, वायरमनला बोलवा. फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून बघायची जुनी पद्धत आहे, ती घरी करू नका, अर्थ मध्येच तुटलेला असेल तर त्या बल्बमधनं करंट फ्रिजच्या, वॉशिंग मशीनच्या बॉडीवर उतरतो.

आपल्याकडं पावसाळ्यात जमीन चिंब असते तेव्हा अर्थिंग झकास लागतं, एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की रेझिस्टन्स वाढतो. फक्त उन्हाळ्यातच अँप घुमतोय असं वाटत असेल तर खड्ड्याच्या पाइपात आठवड्याला बादलीभर पाणी ओता आणि फरक बघा. पाइपला जोडलेली पट्टी गंजलीय का ते पण बघून घ्या, वर्षानुवर्षं तिकडं कोणी ढुंकूनही बघत नाही.

मग राहिली चरचर आणि घर्रर्र. ह्यासाठी एक नाद खुळा हत्यार सांगतो, सेलवर चालणारा जुना ट्रान्झिस्टर रेडिओ. मीडियम वेव्हला लावा, दोन स्टेशनच्या मधल्या रिकाम्या जागेवर, आणि घरात फिरा. फॅनच्या रेग्युलेटरजवळ, एलईडी ट्यूबजवळ, चार्जरजवळ न्या, जो गुन्हेगार असेल तिथं तो किंचाळतो. गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर सेकंदाला शंभर वेळा लाईटची वेव्ह मधनंच कापतो, त्याच्या जागी टकटक स्टेपचा कंडेन्सरवाला रेग्युलेटर बसवला की ते बंद. स्वस्त एलईडी बल्ब बदला. गणपतीत गल्लीभर लाइटिंगच्या माळा लागल्या की दहा दिवस आवाज वाढतो, आणि उद्यमनगरसारख्या कारखान्यांच्या भागात शेजारी वेल्डिंग चालू असेल तर ते आपल्या हातात नाही, तिथं फिल्टर खरंच कामाचा.

फिल्टर घ्यायचा तर अँपच्या मागं बसणारा, पॉवर केबलच्या सॉकेटमध्येच बनवलेला मेटल बॉडीचा मिळतो तो घ्या, अँपला लागणाऱ्या करंटच्या दुपटीचा. बसवताना सॉकेटभोवतीचा पेंट पॉलिश पेपरनं घासून पत्रा उघडा करा आणि मग स्क्रू आवळा, फिल्टरची बॉडी अँपच्या चेसिसला (पत्र्याच्या पेटीला) नीट टेकली नाही तर निम्मा फिल्टर फुकट गेला. सुटे पार्ट लावणार असाल तर फेज-न्यूट्रलमध्ये एक्स-टू (X2, म्हणजे थेट मेन लाईटवर लावायला बनवलेला) लिहिलेलाच ०.१ मायक्रोफॅरड २७५ व्होल्ट एसीचा कंडेन्सर, साधा पॉलिस्टर लावला तर शॉर्ट होऊन पेटू शकतो. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह असेल तर लाईट गेल्यावर अँप ओरडणारच, तिथं साईन वेव्ह इन्व्हर्टरशिवाय इलाज नाही.

आपल्याकडं असेंबल अँप लई आहेत, त्यात आतनंच गडबड असते. ट्रान्स्फॉर्मरच्या एसी वायरी एकमेकींना पीळ घालून एका बाजूनं न्या, इनपुटची शिल्डेड (जाळीवाली) वायर दुसऱ्या बाजूनं, आणि सगळे ग्राउंड मेन कंडेन्सरजवळच्या एकाच पॉइंटवर आणा, आरसीए सॉकेट पत्र्याला टेकलेले नकोत. सप्लायचे कंडेन्सर पंधरा-वीस वर्षांचे असतील तर बदलूनच टाका, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, पोलॅरिटी दोनदा बघून. हात घालण्याआधी प्लग काढा आणि १०० ओहम ५ वॉटचा रेझिस्टर लावून कंडेन्सर रिकामा करा, मीटरवर शून्य दिसेपर्यंत बोट लावायचं नाही.

पेटीच घुमत असेल तर आधी ट्रान्स्फॉर्मरचा बोल्ट तपासा, खाली रबर वॉशर घाला. ट्रान्स्फॉर्मर गोल टोरॉइड (कड्यासारखा) असेल आणि शेजारी हेअर ड्रायर हाफ हीटवर चालला की घुमत असेल तर लाईटमध्ये थोडं डीसी मिसळतंय, त्याला डीसी ब्लॉकर लागतो, ते काम मेनवरचं आहे, जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्या.