बाटल्यांचा तराफा: आधी झाकणं, मग शीड

बाटल्यांचा तराफा बुडतो तो बहुतेक वेळा झाकणांमुळे. हे मला तिसऱ्या फेरीत कळलं. किनारा दीड किलोमीटर लांब, उजवी बाजू पाण्यात झुकलेली, आणि मेहुणा मला विचारतोय, "भाऊजी, हे असंच असतं का?" २००८ साली पंधरा हजार बाटल्यांवर कॅलिफोर्नियातून हवाईला निघालेल्या 'जंक' तराफ्याचीही झाकणं लाटांच्या हिसक्यांनी सुटायला लागली होती. त्यावर जुन्या विमानाची केबिन होती. आमच्याकडे ताडपत्री.

आधी हिशेब करा. दोन लिटरची रिकामी बाटली असते पन्नासेक ग्रॅमची. पूर्ण बुडाली की जवळजवळ दोन किलो वजन पेलते. आम्ही दोघं, बांबू, शीड, पिण्याचं पाणी धरून ३२० किलो. म्हणजे १६० बाटल्यांत भागलं असतं. मी ३२० बांधल्या. काटकसर दुसरीकडे करा.

झाकणं पहाटेच्या गारव्यात लावा. दुपारच्या उन्हात बंद केलेली बाटली थंड पाण्यात गेली की आतली हवा आकसते, पोटाला खड्डा पडतो आणि उचल कमी होते. २०१०च्या 'प्लास्टिकी' या बाटल्यांच्याच शिडाच्या नावेवाल्यांनी बाटल्या कडक ठेवायला आत कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, घातला होता. घरी हा उद्योग नको, बाटली फुटते.

आता तपासणी. बादलीत बाटली उलटी दाबून धरा आणि दोन्ही हातांनी पिळा. झाकणाच्या कडेने मोहरीएवढा बुडबुडा आला तरी ती बाद. पास झाली की सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी मान आणि झाकण मिळून ताणून गुंडाळा. गोंद लावून पाहिला, झाकणाच्या प्लास्टिकला तो धरतच नाही.

वीस-वीस बाटल्या जाळीच्या पिशव्यांत भरून बांबूच्या चौकटीखाली बांधा. एक पिशवी फाटली तरी बाकीच्या राहतात. दोऱ्या उन्हाने कुजतात, त्या दर मोसमात बदला.

शीड कसलंही चालेल. पण दोन्ही बाजूंना पाण्यात उतरणारी फळी हवीच, नाहीतर तराफा खेकड्यासारखा आडवा सरकत राहतो.

आधी उथळ पाण्यात मुद्दाम कलंडवून बघा. लाइफ जॅकेट, सोबतीला इंजिनाची होडी आणि भरती-ओहोटीच्या वेळा माहीत असल्याशिवाय पुढे जाऊ नका.

परतल्यावर बाटल्या मोजा. आमच्या ३१७ भरल्या. दुसऱ्या दिवशी ओहोटीला दोन सापडल्या.